नाव तर दिलंय, मग ‘नॉट डिफाइन्ड’ का?

या महिन्याचा पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रश्नांचा गठ्ठा जवळजवळ एकाच ओळीभोवती फिरतो आहे: ‘नेमएरर: नेम अमुक इज नॉट डिफाइन्ड’. तेव्हा या वेळची सगळी जागा तिलाच. छपाईसाठी कोड देवनागरीत दिला आहे. इफ, फॉर, डेफ, प्रिंट हे पायथनचे स्वतःचे शब्द आणि सगळे अंक संगणकावर इंग्रजीतच टाइप करा. व्हेरिएबलची मराठी नावं आहेत तशी चालतात. ती कधी दगा देतात, ते पुढे एका प्रश्नात आलं आहे.

एक विनंती. एरर पाठवताना फक्त शेवटची ओळ पाठवू नका. तिच्यावर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. निम्मं उत्तर तिथेच असतं.

प्रश्न: किराणा दुकानाचा दिवसाचा गल्ला मोजणारा छोटा प्रोग्राम लिहिला आहे. वर ‘गल्ला = ०’ आहे. फंक्शनमध्ये नुसतं प्रिंट(गल्ला) लिहिलं तर शून्य छापलं जातं. बेरीज करायला गेलो की एरर. जे नाव छापताना दिसतं ते बेरजेच्या वेळी कुठे जातं? (एक वाचक, विटा)

    गल्ला = ०

    डेफ विक्री(रक्कम):
        गल्ला = गल्ला + रक्कम
        प्रिंट(गल्ला)

    विक्री(२५०)

उत्तर: तुम्हाला आलेला एरर नीट वाचलात तर तो साधा नेमएरर नाही, त्याचाच धाकटा भाऊ ‘अनबाउंडलोकलएरर’ आहे. पायथन ३.११ पासून त्यात ‘कॅनॉट ॲक्सेस लोकल व्हेरिएबल’ असे शब्द येतात. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘रेफरन्स्ड बिफोर असाइनमेंट’ असे येत. दोन्हीकडे ‘लोकल’ हा शब्द महत्त्वाचा.

फंक्शन चालवण्यापूर्वी पायथन ते एकदा पूर्ण वाचून घेतो आणि आत कुठली नावं ‘घरची’ ते ठरवतो. ज्या नावाला फंक्शनमध्ये कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत का होईना, किंमत दिली आहे ते नाव त्या संपूर्ण फंक्शनपुरतं घरचं. तुमच्या चौथ्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे ‘गल्ला’ आहे, म्हणून तो घरचा ठरला. मग उजवीकडची बेरीज करताना पायथन घरचाच गल्ला शोधतो. त्यात अजून काहीच ठेवलेलं नाही. बाहेरचा गल्ला तो बघतच नाही. नुसतं छापताना नावाला किंमत दिली जात नव्हती, म्हणून तो बाहेर जाऊन शोधत होता.

शंका असेल तर बेरजेच्या ओळीच्या आधी प्रिंट(गल्ला) लिहून बघा. मघाशी चालणारं प्रिंटच आता अडेल. अनेक जण इथे फसतात आणि प्रिंटच्या ओळीत चूक शोधत बसतात. चूक खालच्या ओळीत असते.

बरोबरच्या चिन्हाखेरीजही नाव घरचं होतं. ‘+=’ ने, फॉरच्या पुढे लिहिल्याने, ‘विथ … ॲज’ ने, आणि फंक्शनच्या आत इम्पोर्ट केल्याने. शेवटचं विशेष त्रासदायक. वर ‘इम्पोर्ट जेसन’ असतं, फंक्शनच्या तळाशी कुणीतरी पुन्हा ‘इम्पोर्ट जेसन’ लिहितं आणि फंक्शनच्या सुरुवातीचा जेसनचा वापर बंद पडतो. तसंच ‘सम = सम(बिलं)’. फंक्शनच्या आत ही ओळ लिहिलीत की पायथनचा स्वतःचा ‘सम’ झाकला जातो आणि बेरीज करायला कुणीच उरत नाही. नाव बदला, ‘बेरीज = सम(बिलं)’ लिहा.

तुमच्या प्रोग्रामची दुरुस्ती अशी:

    डेफ विक्री(गल्ला, रक्कम):
        रिटर्न गल्ला + रक्कम

    गल्ला = ०
    गल्ला = विक्री(गल्ला, २५०)

फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘ग्लोबल गल्ला’ लिहूनही काम होतं. पंधरा ओळींच्या प्रोग्रामात ते खपून जाईल. पण प्रोग्राम वाढला, चार फंक्शन्स तोच गल्ला बदलू लागली, की रात्री हिशोब का जुळत नाही ते शोधताना पूर्ण फाइल वाचावी लागते. फंक्शनच्या आत फंक्शन असेल आणि बाहेरच्या फंक्शनचं नाव बदलायचं असेल तर ‘ग्लोबल’ नव्हे, ‘नॉनलोकल’.

जाता जाता एक गंमत. वर ‘बिलं = []’ असेल तर फंक्शनमध्ये ‘बिलं.अपेंड(रक्कम)’ बिनतक्रार चालतं, कारण त्यात यादीत भर पडते, नावाला नवी किंमत मिळत नाही. पण ‘बिलं += [रक्कम]’ लिहा, लगेच तोच एरर.

प्रश्न: शाळेसाठी निकालपत्रकाचा प्रोग्राम केला. चाचणीत उत्तम चालला. खऱ्या गुणांवर चालवला तर तिसऱ्याच मुलीला ‘कॅनॉट ॲक्सेस लोकल व्हेरिएबल श्रेणी’. श्रेणी तर चार ठिकाणी लिहिली आहे! (एक शिक्षिका, परभणी)

    इफ गुण >= ७५:
        श्रेणी = "विशेष प्रावीण्य"
    एलिफ ६० <= गुण <= ७४:
        श्रेणी = "प्रथम श्रेणी"
    एलिफ ४५ <= गुण <= ५९:
        श्रेणी = "द्वितीय श्रेणी"
    एलिफ ३५ <= गुण <= ४४:
        श्रेणी = "उत्तीर्ण"

उत्तर: चार ठिकाणी लिहिली आहे खरी, पण त्यातली एकही ओळ त्या मुलीच्या वेळी चालली नाही. पायथनमध्ये व्हेरिएबल फाइलमध्ये लिहिलं म्हणून जन्माला येत नाही. ती ओळ प्रत्यक्ष चालली की येतं. त्या मुलीचे गुण ७४.५ असावेत किंवा ३५ पेक्षा कमी. तुमच्या अटींमध्ये ७४ आणि ७५ च्या मध्ये फट आहे, ५९ आणि ६० च्या मध्ये आहे, ४४ आणि ४५ च्या मध्येही आहे. अनुत्तीर्णांसाठी तर दारच नाही. चाचणीत तुम्ही ८०, ६५, ५०, ४० असे गोल आकडे घेतले असणार.

वरून खाली उतरत गेलात तर वरची मर्यादा लिहायची गरजच पडत नाही:

    इफ गुण >= ७५:
        श्रेणी = "विशेष प्रावीण्य"
    एलिफ गुण >= ६०:
        श्रेणी = "प्रथम श्रेणी"
    एलिफ गुण >= ४५:
        श्रेणी = "द्वितीय श्रेणी"
    एलिफ गुण >= ३५:
        श्रेणी = "उत्तीर्ण"
    एल्स:
        श्रेणी = "अनुत्तीर्ण"

कुणी सल्ला देईल की सगळ्यात वर ‘श्रेणी = ""’ टाका, एरर जाईल. एरर जाईल, चूक राहील. कोऱ्या श्रेणीची गुणपत्रिका छापून येईल आणि ती पालकांच्या लक्षात येईल.

खरं सांगायचं तर हा एरर आला हे तुमचं नशीब. तुमच्या पत्रावरून दिसतं की प्रत्येक विद्यार्थ्याची श्रेणी वेगळ्या फंक्शनमध्ये ठरते. हीच इफ-एलिफ नुसत्या फॉर लूपमध्ये असती तर पहिल्या मुलीने ‘श्रेणी’ तयार करून ठेवली असती, तिसरीच्या वेळी कुठलीच अट लागली नसती आणि तिच्या नावापुढे निमूटपणे दुसऱ्या मुलीची श्रेणी छापली गेली असती. लूपच्या एका फेरीतली किंमत पुढच्या फेरीत आपोआप पुसली जात नाही. त्यामुळे श्रेणी ठरवण्याचं काम फंक्शनमध्येच ठेवा आणि तिथून रिटर्न करा.

याच जातीची आणखी एक अडचण आताच सांगून ठेवतो. लूप संपल्यावर लूपमधलं व्हेरिएबल वापरलंत, उदाहरणार्थ शेवटच्या विद्यार्थ्याचं नाव छापलंत, तर ते चालतं. पण यादी रिकामी आली तर लूप एकदाही फिरत नाही आणि तेच नाव ‘नॉट डिफाइन्ड’ होतं. एखाद्या तुकडीची फाइल रिकामी असली की हे हमखास घडतं.

प्रश्न: पांडाज इन्स्टॉल केलं, ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ असंही आलं. तरी ‘नेम पीडी इज नॉट डिफाइन्ड’. (डिप्लोमाचा विद्यार्थी, जळगाव)

उत्तर: इन्स्टॉल म्हणजे पुस्तक कपाटात आलं. टेबलावर घ्यायचं काम प्रत्येक फाइलमध्ये वेगळं करावं लागतं: ‘इम्पोर्ट पांडाज ॲज पीडी’. नुसतं ‘इम्पोर्ट पांडाज’ लिहिलंत तर ‘पीडी’ हे नाव तयार होत नाही. उदाहरणांमध्ये सगळीकडे पीडी दिसतं म्हणून ते पायथनचं वाटतं, इतकंच. ‘इम्पोर्ट मॅथ’ नंतर नुसतं ‘स्क्वेअररूट’चं फंक्शन चालत नाही, त्याआधी ‘मॅथ.’ लावावं लागतं, त्याचं कारणही हेच. इन्स्टॉलच झालं नसतं तर नेमएरर नव्हे, ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ आला असता. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, तेव्हा पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर ज्युपिटर नोटबुक पूर्ण चालतं, आउटपुटही दिसतं. सरांनी उघडून चालवलं तर दुसऱ्याच सेलमध्ये ‘डेटा इज नॉट डिफाइन्ड’. फाइल तीच, अक्षरही बदललेलं नाही. (एमएस्सीची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: फाइल तीच आहे, पण तुमच्या लॅपटॉपच्या मेमरीत जे होतं ते फाइलबरोबर गेलं नाही. नोटबुकमध्ये तुम्हाला दिसतात ते सेल आणि त्यांचं जुनं आउटपुट. व्हेरिएबल्स कर्नलमध्ये, म्हणजे नोटबुकमागे चालणाऱ्या पायथनमध्ये, राहतात आणि कर्नल बंद होईपर्यंत जगतात. तुम्ही एखादा सेल चालवून मग डिलीट केला, तरी त्यातलं व्हेरिएबल कर्नलमध्ये जिवंतच. ‘डेटा’चं नाव बदलून ‘विदा’ केलंत आणि खालचा एखादा सेल जुन्याच नावाने राहिला, तरी जुना ‘डेटा’ अजून आत असल्यामुळे तो चालतो. सरांच्या कोऱ्या कर्नलला यातलं काहीच ठाऊक नाही.

सेलच्या डावीकडच्या चौकटी कंसातला आकडा बघा. तो सेल कितव्या क्रमाने चालवला ते सांगतो. वरून खाली १, २, ३, ४ असे आकडे असतील तर ठीक. ४, १७, ९, २२ असे असतील तर तुमचं नोटबुक तुमच्याखेरीज कुणाकडेही चालेल याची खात्री नाही, आणि उद्या तुमच्याकडेही नाही.

उपाय एकच, पण न चुकता करायचा. जमा करण्यापूर्वी कर्नलच्या मेनूतून ‘रीस्टार्ट कर्नल अँड रन ऑल सेल्स’. जो सेल अडेल त्याला लागणारं नाव त्याच्या वर तयार होत नाही. तो जुना सेल परत लिहा किंवा वर सरकवा. मध्येच आत काय काय आहे ते बघायचं असेल तर एका सेलमध्ये ‘%हूज’ चालवा, सगळी व्हेरिएबल्स प्रकारासकट दिसतात.

दोन पुरवण्या. पहिली: सेलच्या तिसऱ्या ओळीत फाइल न सापडल्याचा एरर आला तर चौथ्या ओळीपासूनची व्हेरिएबल्स तयारच होत नाहीत, आणि खालचे सगळे सेल नेमएरर ओकतात. अशा वेळी सगळ्यात वरचा एरर तेवढा दुरुस्त करायचा, बाकीचे त्याची पिल्लं. दुसरी: गूगल कोलॅबवर बराच वेळ काही केलं नाही तर सेशन तुटतं. सकाळी पान तसंच दिसतं, जुना आलेखही दिसतो, पण मेमरी कोरी. तिथे बिघडलेलं काही नसतं, वरून चालवायचं.

प्रश्न: मी आठवी-नववीच्या मुलांना मराठी नावं वापरून पायथन शिकवतो. एका मुलाचा प्रोग्राम चालतो, दुसऱ्याचा तोच प्रोग्राम ‘ॲडव्हान्स इज नॉट डिफाइन्ड’ म्हणतो. अक्षर न अक्षर पडताळलं, काही फरक नाही. (एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर: या महिन्यातला सगळ्यात आवडलेला प्रश्न. फरक आहे, डोळ्याला दिसत नाही एवढंच.

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात, काना-मात्रा-वेलांटीसकट. पण पायथन अक्षराचं चित्र बघत नाही, त्याचा युनिकोड क्रमांक बघतो. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड त्याचं एकच अक्षर देतात, यू+०९७२. काही कीबोर्ड ‘अ’ देऊन त्यावर अर्धचंद्र ठेवतात, म्हणजे यू+०९०५ आणि यू+०९४५ अशी दोन अक्षरं. पडद्यावर जुळे भाऊ, पायथनसाठी दोन परके. ‘ऑ’चंही तसंच, अखंड ‘ऑ’ वेगळा आणि ‘आ’वर चंद्र ठेवलेला वेगळा. त्या मुलाने वर एका कीबोर्डने आणि खाली मोबाइलवरून पेस्ट करून लिहिलं असेल.

तपासायला ‘आस्की’ नावाचं अंगभूत फंक्शन आहे. प्रिंट(आस्की("ॲडव्हान्स")) असं वरच्या नावाची नक्कल चिकटवून एकदा आणि खालच्या नावाची चिकटवून एकदा चालवा. प्रत्येक अक्षराचा क्रमांक छापला जाईल. पहिलाच क्रमांक वेगळा दिसेल.

‘पायऱ्या’, ‘फेऱ्या’, ‘दऱ्या’ अशा नावांत आणखी एक खोडी. ऱ्य लिहिताना काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, यू+२००डी. हे चिन्ह पायथनला नावात मुळीच चालत नाही. तेव्हा नेमएररसुद्धा येत नाही, सरळ ‘सिंटॅक्सएरर: इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर’ येतो आणि मुलं न दिसणारं अक्षर शोधत बसतात. त्याऐवजी नुक्तावाला ‘ऱ’ वापरून हलन्त द्या. तो अखंड असो किंवा ‘र’ला खाली टिंब जोडून केलेला, दोन्हींना पायथन एकच मानतो, कारण नावं वाचताना तो अशा जोड्या एकरूप करून घेतो. ‘ॲ’च्या बाबतीत मात्र युनिकोडनेच ती दोन रूपं समान मानलेली नाहीत, म्हणून पायथनही मानत नाही.

अंकांचं असं. ‘दर = १०’ हे देवनागरी अंकात टाइप केलं तर सिंटॅक्सएरर. पण वापरकर्त्याने इनपुटमध्ये १० देवनागरीत दिलं तर इंट() ते बरोबर दहा वाचतं. नावाच्या शेवटी देवनागरी अंक चालतो, आणि तिथेच घात होतो: ‘खाते’पुढे मराठी एक लावलेलं नाव आणि इंग्रजी एक लावलेलं नाव ही दोन वेगळी व्हेरिएबल्स आहेत. वर्गासाठी नियम करा की नावात अंक नाहीत आणि ॲ-ऑ नाहीत. ‘ॲडव्हान्स’ऐवजी ‘उचल’ लिहिलं तर कीबोर्डचा प्रश्नच मिटतो. बाकी ‘किंमत’ आणि ‘कींमत’ हा शुद्धलेखनाचा प्रश्न, त्यात पायथन मराठीच्या बाईंपेक्षा कडक आहे.

प्रश्न: जुन्या पुस्तकातला प्रोग्राम आहे. ‘रॉ_इनपुट इज नॉट डिफाइन्ड’ येतो. (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर: पुस्तक पायथन २ चं आहे. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. ‘रॉ_इनपुट’च्या जागी ‘इनपुट’, ‘एक्सरेंज’च्या जागी ‘रेंज’, ‘युनिकोड’च्या जागी ‘एसटीआर’ लिहा. इनपुटमधून आलेला आकडा मजकूर असतो, हिशोब करायचा तर इंट() किंवा फ्लोट() लावा. प्रिंटला कंस नसतील तर तेही द्यावे लागतील. शक्य असेल तर पुस्तकच नवं घ्या.

प्रश्न: पिठाच्या गिरणीसाठी क्लास केला आहे. दर क्लासमध्येच वर लिहिलाय, तरी खालच्या फंक्शनला दिसत नाही. (एक वाचक, बार्शी)

    क्लास गिरणी:
        दर = ८

        डेफ बिल(सेल्फ, किलो):
            रिटर्न किलो * दर

उत्तर: फंक्शन नाव शोधतं त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी स्वतःच्या आत, मग आपल्याला वेढणाऱ्या बाहेरच्या फंक्शनमध्ये, मग फाइलच्या पातळीवर, शेवटी पायथनच्या अंगभूत नावांत. या रांगेत क्लासचं नावच नाही. इंडेंटमुळे ‘दर’ हा बिलच्या डोक्यावर बसलेला दिसतो, पण शोधताना क्लासची पातळी वगळली जाते. म्हणून ‘किलो * सेल्फ.दर’ असं स्पष्ट सांगावं लागतं. पायथन ३.१२ पासून एररच्याच शेवटी ‘डिड यू मीन: सेल्फ.दर’ अशी सूचना मिळते.

याच नियमाचा एक चमत्कारिक परिणाम असा की क्लासच्या अंगात, फंक्शनच्या बाहेर, ‘दरपत्रक = [दर * क फॉर क इन रेंज(१, ६)]’ लिहिलं तरी ‘दर’ सापडत नाही. तिथे यादी साध्या फॉर लूपने भरा किंवा क्लास संपल्यावर बाहेर तयार करा.

प्रश्न: एक्सेप्टमध्ये पकडलेला एरर नंतर लॉगमध्ये लिहायचा आहे. ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर ॲज चूक’ असं लिहिलं, आत ‘चूक’ छापते, बाहेर नॉट डिफाइन्ड. (सॉफ्टवेअर कंपनीतील प्रशिक्षणार्थी, ठाणे)

उत्तर: एक्सेप्टचा ठोकळा संपला की पायथन ‘ॲज’ नंतरचं नाव स्वतः पुसून टाकतो. पकडलेला एरर आपल्यासोबत ट्रेसबॅक, म्हणजे तो कुठून कुठे आला त्याचा माग, बाळगतो, ट्रेसबॅक फंक्शनची सगळी व्हेरिएबल्स धरून ठेवतो आणि त्यात पुन्हा तोच एरर असतो. हे वेटोळं मेमरीत रेंगाळू नये म्हणून ही व्यवस्था. बाहेर हवा असेल तर ट्रायच्या आधी ‘शेवटची_चूक = नन’ ठेवा आणि एक्सेप्टच्या आत ‘शेवटची_चूक = चूक’ करा. लॉगपुरतंच हवं असेल तर आतच लिहून मोकळे व्हा.

तुमच्या कोडमध्ये दुसरी चूक दडलेली आहे. ‘दर = फ्लोट(मजकूर)’ ट्रायमध्ये आहे आणि दरचा वापर एक्सेप्टच्या खाली. मजकूर वाईट असला तर ‘दर’ तयारच होत नाही. दर वापरणारा भाग ट्रायच्या ‘एल्स’मध्ये हलवा, तो फक्त एरर न आल्यावर चालतो.

प्रश्न: वेबसाइटवरून आलेला डेटा कॉपी करून व्हेरिएबलमध्ये ठेवला. ‘ट्रू इज नॉट डिफाइन्ड’. (एक वाचक, नागपूर)

उत्तर: तो जेसन, म्हणजे डेटा मजकुरात लिहिण्याचा एक साचा आहे, पायथन नाही. जेसनमध्ये ट्रू, फॉल्स लहान अक्षराने सुरू होतात आणि ‘नल’ असतं. पायथनमध्ये ट्रू, फॉल्सचं पहिलं अक्षर मोठं आणि नलऐवजी ‘नन’. हाताने बदलू नका, मजकुरातले ‘ट्रू’ शब्दही बदलले जातील. डेटा फाइलमध्ये ठेवून ‘जेसन.लोड’ ने वाचा.

प्रश्न: प्रोग्राम चालवण्याआधीच अशी नावं पकडता येतात का? आमचा रात्रीचा प्रोग्राम दोन तास चालून शेवटच्या ओळीत नेमएररने पडतो. (लघुउद्योगातील हिशोबनीस, इचलकरंजी)

उत्तर: येतात, आणि सेकंदात. ‘पिप इन्स्टॉल पायफ्लेक्स’ करून ‘पायथन -एम पायफ्लेक्स’ आणि पुढे फाइलचं नाव द्या. प्रोग्राम न चालवता तो फाइल वाचतो आणि कुठे न मिळणारी नावं आहेत ते ओळीसकट सांगतो. ‘रफ’ हे नवं साधन तेच काम फार वेगाने करतं. त्यात या तक्रारीचा क्रमांक एफ८२१, पायलिंट या तशाच आणखी एका साधनात ई०६०२. व्हीएस कोड या एडिटरमध्ये लिहीत असाल तर त्याची पायलान्स ही जोडणी असं नाव पिवळ्या नागमोडी रेषेने दाखवते. बहुतेक वेळा ती रेषा आधीपासून असते, आपण बघत नाही.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. फाइलमध्ये ‘फ्रॉम अमुक इम्पोर्ट *’ असेल तर तारकेतून कुठली नावं आली हे साधनाला कळत नाही. मग ते ‘कदाचित नसेल’ एवढंच पुटपुटतं. तारका काढा, लागतील ती नावं लिहा. दुसरी, वर परभणीच्या बाईंच्या प्रोग्रामासारखी इफमधली फट पायफ्लेक्सला दिसत नाही, कारण नाव कुठेतरी तयार होतं आहे. तिथे पायलान्स ‘पॉसिब्ली अनबाउंड’ म्हणतो. ही सूचना कटकट वाटते म्हणून अनेक जण बंद करतात. तुमच्यासारख्या दोन तासांच्या प्रोग्रामात ती चालूच ठेवा.

आणि शेवटची ओळ टंकदोषाने पडते म्हणून दोन तासांचं काम वाया जाऊ नये. निकाल हाती येताच, छापण्या-सजवण्याच्या ओळींच्या आधी, फाइलमध्ये लिहून ठेवा.

प्रश्न: इफ _नेम_ == "_मेन_" या ओळीला ‘_नेम_ इज नॉट डिफाइन्ड’ का येतं? पुस्तकात असंच आहे. (बारावीची विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर: पुस्तकात तसं दिसतं. छपाईत दोन अंडरस्कोर एकमेकांना चिकटून एकच लांब रेघ होते. दोन्ही शब्दांच्या आधी दोन आणि नंतर दोन अंडरस्कोर हवेत. ‘नेम’चे दुरुस्त केलेस आणि ‘मेन’चे तसेच ठेवलेस तर एरर जाईल, पण अट कधीच खरी होणार नाही आणि प्रोग्राम काहीही न छापता संपेल. अवतरणातलं नाव पायथन शोधत नाही, त्यामुळे तिथली चूक तो सांगणारही नाही.